बावीस झोपले, एक जागी

माझ्या हाताखाली तोवर आलेला सगळ्यात मोठा पुरुष अडीच महिन्यांचा होता. त्याहून मोठ्या पुरुषाला मी कामासाठी कधी हात लावला नव्हता. आणि त्या सोमवारी सकाळी मी भांडुपच्या एका लग्नाच्या हॉलच्या दारात तेलाची बाटली धरून उभी होते आणि आत गाद्यांवर तेवीस मोठी माणसं पडली होती. त्यातली सतरा दाढीवाली. बारा दिवस कुणी दाढी केलेली नव्हती. वाटलं, चप्पल पायात सरकवावी आणि सरळ घरी जावं.

गेले नाही. म्हणून तर ही वही भरतेय.

वही नातीची आहे, अर्धी कोरी राहिलेली. कुणाला दाखवायची नाही. पण जे झालं ते इतकं भारी होतं की पोटात राहीना. चारचौघांत मला बोलता येत नाही. ज्या घरी कामाला जाते तिथे मला मुकी मावशी म्हणतात, आणि मी मुकी म्हणून माझ्यासमोर सगळं बोलतात. सासू सुनेचं बोलते, सून सासूचं. मी ऐकते आणि तेल चोळते. चौथीपर्यंतच्या शाळेने एवढं दिलं की जे बोलता आलं नाही ते लिहिता येतं. सावकाश का होईना.

माझं काम बाळ-बाळंतिणीची मालिश आणि अंघोळ. आईकडून शिकले. आई गावाकडे, बीडच्या बाजूला, सुईण होती. मी लग्न होऊन भांडुपला आले आणि तीस वर्षं सकाळी सहापासून हेच करतेय. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची. दोन्ही नडग्यांच्या मधे जी खाच होते तिच्यात बाळ निजवायचं. आधी उताणं, मग पालथं. पाणी कोपराने बघायचं. बोटांनी नाही, बोटं कामाने निबर झालेली असतात, त्यांना कढत पाणीही कोमट वाटतं. पूर्वी अंघोळीनंतर ओवा-शेपाची धुरी द्यायचो. डॉक्टर नको म्हणाले, सोडली. नाका-कानात तेल घालायचो, तेही सोडलं. एक गोष्ट मात्र सोडली नाही. अंघोळ झाली की जुन्या मऊ सुती कापडात बाळाला हात आत घेऊन घट्ट गुंडाळायचं. आईच्या पोटात होतं तसं वाटतं त्याला. दोन मिनिटांत झोपतं. माझ्या हातचं बाळ तीन तास झोपतं, हे भांडुपपासून मुलुंडपर्यंत कुणालाही विचारा.

हीच फुशारकी मला नडली. ते पुढे येईल.

तर झालं असं. वर उत्तरेला डोंगरात मोठा भूकंप झाला होता. टीव्हीवर तेच चालू होतं. आमच्या इकडची पोरं, दर रविवारी गडकिल्ले चढणारी, दोर आणि हत्यारं घेऊन तिकडे गेली. त्यांच्याबरोबर दोन-चार वायरमन, सुतार आणि सहा नर्स मुली. त्यांच्या प्रमुख होत्या पेडणेकर डॉक्टरबाई. बाईंच्या मुलीचं बाळंतपण मीच केलेलं, म्हणून ओळख. बाईंचा नियम असा की बारा दिवस तिकडे काम केलं की परत यायचं, चार दिवस नुसतं झोपायचं, आणि तपासणीत पास झालं तरच पुन्हा जायचं. घरी पाठवलं तर ही पोरं झोपत नाहीत. शेजारीपाजारी गोष्टी ऐकायला येतात, मोबाईल वाजतो. म्हणून हा हॉल. लग्नसराई संपली होती, मालकाने चावी दिली. वरपक्षाच्या खोलीत पुरुष, वधूपक्षाच्या खोलीत मुली, आणि मधल्या मोठ्या हॉलमध्ये उरलेले.

आणि कुणालाच झोप येत नव्हती. अंग ठणकतंय, डोळे लाल, पण मिटत नाहीत. बाईंनी मला फोन केला. "सुमनताई, तुमच्या हातात झोप आहे. या ना. फक्त डोकं आणि पाय चोळा."

मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हणते मी फोनवर.

दारापाशी जो पहिला पडला होता तो तुकाराम, कांजूरचा वायरमन. दांडगा गडी. मी पायापाशी बसले तसा पाय ओढून घेतला. "मावशी, मला नको. गुदगुल्या होतात."

बाजूचा ओरडला, "अरे घे ना तुक्या, लाजतोस काय! तुझी बायको पण चोळणार नाही एवढं."

मी पायावर नाही, डोक्यावर गेले. टाळूवर तेल घातलं, दोन्ही अंगठे भुवयांवरून कानांच्या मागे नेले, बाळाला नेते तसेच, फक्त जोर जास्त. चार मिनिटं झाली असतील. तुकाराम घोरायला लागला. तेही असं की मधल्या हॉलमधलं झुंबर हललं असावं.

सगळे उठून बसले. "आयला, मेला की काय?" "मावशी, माझा नंबर कधी?" "ए, लाईन मोडू नको रे, मी आधी पडलोय!" सतरा दाढीवाले रांगेत उशा घेऊन. माझी लाज कुठे गेली ते मलाच कळलं नाही. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मी उठले नाही जागेवरून. एकेक डोकं हातात यायचं, दगडासारखं ताठ, आणि मानेपाशी अंगठा फिरला की आधी कपाळ सैल व्हायचं, मग जबडा, मग श्वास बदलायचा. हा श्वास बदललेला मला लगेच कळतो. बाळाचा आणि मोठ्या माणसाचा तो एकसारखाच असतो. मला इतका आनंद झाला! तीस वर्षं मला वाटायचं, मला फक्त बाळं जमतात.

दुसऱ्या दिवशी मी साहेबीण झाले. डॉक्टरबाईंना सांगून दारावर कागद लावला, 'शांतता राखा'. पडदे ओढले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, ते उतरवलं. अंगणात टेम्पोत ताडपत्र्या आणि ब्लँकेटं चढवत होते, त्यांना हाताने खुणा करून मागच्या फाटकाकडे पिटाळलं. आत कुणी कुजबुजलं तरी मी डोळे वटारायची. एवढा मोठा हॉल आणि पीन पडली तर ऐकू येईल. बावीस माणसं झोपली.

तेविसावी विशाखा.

विशाखा मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नर्स. सत्तावीस-अठ्ठावीसची, बारीक, चटपटीत. ती गादीवर बसायची, पडायची नाही. कुणाला पाणी दे, कुणाच्या फोडाला मलम लाव. मी खुणेने म्हटलं, झोप. ती म्हणाली, "मावशी, मी बघते ना यांचं. मला सवय आहे नाईटची." तिची गोष्ट मला दुसऱ्या मुलीकडून कळली. तिकडे तंबूत एक बाई होती, कमलादीदी, आठवा महिना सरत आलेला. घर गेलं होतं, सासू गेली होती. विशाखाने तिला शब्द दिला होता की तुझ्या बाळंतपणाला मी येते. आता तपासणीत नापास झाली तर जाता येणार नाही, आणि झोपली नाही तर पास कशी होणार? हे तिलाही कळत होतं. कळून झोप येत नाही ना पण.

मंगळवारी दुपारी ती कशीबशी डोकं चोळून घ्यायला तयार झाली. वधूपक्षाच्या खोलीत आम्ही दोघीच. बाकीच्या मुली मधल्या हॉलमध्ये झोपलेल्या. मी मन लावून चोळलं. हळूहळू तिची मान सैल पडली, डोळे मिटले. मला कोण हर्ष! वाटलं, आता पक्कं करूया. माझी एक जुनी सुती साडी होती बरोबर, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ती तिच्या अंगावर घातली, तिचे हात हलकेच आत घेतले आणि दोन्ही बाजूंनी पदर गादीखाली घट्ट खोचले. जसं बाळाला करते, अगदी तसं. दिवा मालवला. दार लावलं. बाहेर चिडीचूप. मी शेजारी बसले, श्वास बदलायची वाट बघत.

श्वास बदलला. पण उलटा. तोंड उघडं, आवाज नाही, छाती भात्यासारखी. मग अशी किंकाळी आली की मी आडवी झाले. "काढ! काढ! काढ!" ती साडी दातांनी ओढत होती. मी सोडवायला गेले, तिचं कोपर माझ्या ओठावर बसलं. ती दार ढकलून मधल्या हॉलमधून अनवाणी पळाली आणि अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. बावीस जण जागे. तुकाराम तर "आफ्टरशॉक! आफ्टरशॉक!" करत खांबाला धरून उभा. पार वाट लागली.

नळापाशी मी ओठ धुत होते. थोड्या वेळाने तीच आली. ओढणीचं टोक ओलं करून माझ्या ओठाला लावलं. काम नर्सचं, नेमकं.

"लागलं गं तुला, मावशी."

मी मान हलवली.

"तुझी चूक नाही. तुला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही." मग ती नळाकडे बघत बोलत राहिली. कमलादीदीचे दवाखान्याचे कागद तिच्या पडक्या घरात राहिले होते. ते आणायला विशाखा एकटीच आत गेली. त्या वेळी पुन्हा जमीन हलली. कपाट आणि गाद्यांचा ढीग तिच्या अंगावर आला आणि वरून माती. हात अंगाला चिकटलेले, हलवता येईनात. फार वेळ नाही, तासभर असेल. गावातल्या दोन बायकांनी ओढून काढलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं फारसं. म्हणून तिने सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी परत पाठवलं असतं.

"डॉक्टरांना सांगू नको, मावशी. प्लीज. मला जायचंय."

आमच्या कामात एक रीत आहे. न्हाणीत ऐकलेलं दुसऱ्या उंबऱ्यावर न्यायचं नाही. नेलं तर तीस वर्षांचं काम तीन दिवसांत बंद होईल. पण ही न्हाणी नव्हती. ही मुलगी न झोपता तिकडे गेली आणि बाळंतपण चालू असताना हिचाच श्वास अडकला तर? तिकडे एक बाई हिच्या भरवशावर बसलीय.

मी नळ बंद केला. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मग मी म्हटलं, "झोप. झोपलीस तर मी गप्प. गुरुवारपर्यंत नाही झोपलीस तर सांगेन."

"मावशी, एवढं मोठं वाक्य बोललीस?" ती रडत होती आणि हसत होती.

बुधवार फुकट गेला. ती दिवसभर मागच्या फाटकात टेम्पोत ब्लँकेटं चढवत होती. मी जवळ गेले की हसायची, पण दोन हात लांब राहायची. मला ते टोचत होतं. तीस वर्षं मी न विचारता अंगाला हात लावत आले. बाळ काय सांगणार, नको म्हणून? बाळंतीण तरी कुठे सांगते? सासू म्हणते चोळ, मी चोळते. किती जणींना नको झालं असेल, आणि मी त्यांचं तोंड बघायचं सोडून तेल बघत बसले असेन. हे त्या बुधवारी पहिल्यांदा डोक्यात आलं.

गुरुवारी दोनला तपासणी. हॉलमध्ये सगळे सकाळपासून एका पायावर उभे राहायची प्रॅक्टिस करत होते. बाई नाडी आणि प्रेशर बघायच्या, झोप किती झाली ते लिहायच्या आणि शेवटी डोळे मिटून एका पायावर उभं करायच्या. पडला तो बाद. तुकाराम कोंबड्यासारखा एका तंगडीवर उभा राहून चहा पीत होता.

मी विशाखाला म्हटलं, "माझ्या एका घरी चल. तिसरा मजला आहे. गिझर बिघडलाय, गरम पाण्याचे टोप उचलायचेत. गुडघा दुखतो माझा."

गिझर खरंच बिघडला होता. गुडघाही दुखतोच. खोटं बोलले नाही. आणि मला ठाऊक होतं, झोप म्हटलं तर ती पळेल, काम म्हटलं तर नाही म्हणणार नाही.

ते घर परबांचं. सून रेश्मा, एकोणीस दिवसांची बाळंतीण, आणि सासू, परबकाकी, देवगडकडच्या. काकींनी दारातच अडवलं.

"गो सुमन, ह्यां कोणाचां चेडू घेवन इलंस?"

म्हणजे ही कुणाची पोरगी घेऊन आलीस. मी म्हटलं, "मदतीला."

"मदतीक? हिका बघून वाटता हिकाच मदत होयी." काकी कुरकुरल्या, पण पाय धुवायला पाणी दिलं.

विशाखाने दोन टोप न्हाणीत आणून ठेवले. मग ती न्हाणीच्या समोर, गॅलरीच्या उघड्या दाराला टेकून खाली बसली. मी बाळ पायांवर घेतलं. बाळाने आभाळ डोक्यावर घेतलं. काकी स्वयंपाकघरातूनच, "रड गो बाय, रड, आवाज खुलतलो." कुकरची शिट्टी झाली. रेश्मा आतून ओरडली, "आई, गॅस बारीक करा ना!" "माका काय दहा हात आसत?" खाली कुणी तरी भंगारवाल्याशी वाद घालत होतं. पाणी अंगावर पडलं तशी पोर थांबली, मग पुन्हा सुरू. मी विशाखाकडे बघत होते. तिचे खांदे खाली आले होते.

"मावशी," ती म्हणाली, "किती आवाज आहे गं इथे."

"त्रास होतो?"

"नाही. तिथे काहीच आवाज नव्हता. गाद्यांच्या खाली. मी ओरडत होते आणि मला माझाच आवाज येत होता. तुमच्या हॉलमध्ये पण तसंच वाटतं."

माझा तांब्या हातातच राहिला. शांतता राखा! घड्याळ उतरवलं, पडदे ओढले, टेम्पोवाल्यांना पिटाळलं. बावीस जणांसाठी केलं आणि तेविसावीला पुन्हा तिथेच नेऊन पुरलं. साडी नंतरची. आधी तर मी तो हॉलच तिच्याभोवती गुंडाळला होता.

बाळ पुसलं. गुंडाळायला कापड पसरलं आणि माझे हात थांबले. ओठावरची खपली हुळहुळली. मी बाळाचे हात बाहेरच ठेवले, नुसतं पोटापर्यंत गुंडाळलं. पोर हात झाडत रडायला लागली.

विशाखा म्हणाली, "नीट बांध ना. तिला हवंय."

"तुला चालेल बघायला?"

"दे, मी बांधते."

तिने सरकत येऊन कापड घेतलं आणि बांधलं, व्यवस्थित, नर्सच्या हाताने. पोर गप्प. विशाखाने ती पुडी छातीशी धरली आणि पुन्हा उघड्या दाराला टेकली. मी पाट धुवायला वळले. पाट धुतला, टोप पालथे घातले, वळून बघते तर दोघींचा श्वास बदललेला. एकदम बरोबर, सुलटा.

पावणेदहा झाले होते.

बाळाला मी अलगद काढून रेश्माजवळ दिलं. विशाखाला सतरंजीवर कलती केली. अंगावर काही घातलं नाही. काकी पदराला हात पुसत आल्या, बघितलं, आणि कुजबुजत म्हणाल्या, "ह्यां हयच झोपलां?"

मी हात जोडले. मग म्हटलं, "काकी, कुजबुजू नका. मोठ्याने बोला. कामं करा. भांडा हवं तर."

काकींच्या तोंडावर असं हसू आलं! आजवर कुणा मालिशवालीने त्यांना भांडायला सांगितलं नसेल. "तां माका जमतला," म्हणाल्या, आणि रेश्माला हाक मारून कालच्या आमटीवरून सुरू झाल्या.

बारा वाजले. एक वाजला. दोनला तपासणी, त्यानंतर जाणाऱ्यांची यादी पाठवणार. विशाखा झोपलेलीच. उठवली तर जाईल, उभी राहील, कदाचित पडेल. नाही उठवली तर यादीतून नाव जाईल, आणि उद्या हीच माझं तोंड बघणार नाही. मी तिच्याशेजारी बसून तिचा श्वास मोजत राहिले. आईने मला जे पहिलं शिकवलं ते हेच होतं की झोपलेलं बाळ उठवायचं नाही, सगळं घर थांबेल, थांबू दे. मी चप्पल घातली आणि रिक्षा केली.

हॉलमध्ये डॉक्टरबाई स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी सोफ्यावर बसल्या होत्या आणि खाली रांग होती. मी मधून चालत गेले. सगळे बघत होते.

"सुमनताई, विशाखा कुठे?"

"झोपलीय."

"छान! पण उठवून आणा. यादी द्यायचीय."

"नाही."

माझा आवाज हॉलमध्ये घुमला. मलाच ओळखू आला नाही. तुकाराम म्हणाला, "आयला, मुकी बोलली रे!"

"नाही उठवणार," मी म्हटलं. "बाई, तुम्ही चला. तिथे बघा. तिची जागा ठेवा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपलीय ती." आणि मग थांबलेच नाही, "आणि मी पडदे उघडणार आहे. घड्याळ लावणार आहे. टेम्पो पुढच्या फाटकात आणा."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. फोन काढला, कुणाला तरी म्हणाल्या, "एक सीट सहापर्यंत थांबवा." उरलेल्यांची तपासणी उरकली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

परबकाकींनी त्यांनाही दारात अडवलं. "चपला भायर. पाय धुवा. घरात बाळंतीण आसा." डॉक्टरबाईंनी निमूट पाय धुतले. विशाखाचं मनगट हलकेच धरून नाडी मोजली, छातीकडे बघितलं. "मस्त झोपलीय," म्हणाल्या. "एका पायावर कशी उभी करू?" आत रेश्मा फिसकन हसली. "दहा मिनिटं थांबते," म्हणून बाई भिंतीला टेकल्या. काकी चहा घेऊन आल्या तोवर डॉक्टरबाईंची मान छातीवर. त्याही बारा दिवस तिकडेच होत्या. आम्ही कुणी त्यांचा विचारच केला नव्हता.

काकींनी दोन कप हातात धरून दोघींकडे बघितलं. "सुमन, आता आणखी कितीजणां आणतलंस? सतरंज्यो काढतंय."

सव्वापाचला विशाखा उठली. शेजारी डॉक्टरबाई बघून तिला वाटलं स्वप्नच. किती वाजले विचारलं, मी सांगितलं, आणि ती माझ्यावर अशी भडकली! "उठवलं का नाही मला? मावशी, काय केलंस तू हे?" त्या आवाजाने बाई उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "विशाखा, उभी राहा. एक पाय. डोळे मीट."

ती उभी राहिली. पाय हलला नाही. आणि तशीच, एका पायावर, डोळे मिटलेली, ती बोलायला लागली. कागद आणायला गेले होते, एकटी गेले होते, कपाट पडलं, सगळं. मी काही सांगितलं नव्हतं. काकी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. सांगून झालं तेव्हा तिने पाय खाली टेकला. पडली नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "एकटी गेलीस त्यासाठी मी तुला खरं तर घरी बसवायला हवं. तू तंबूत राहशील. कुठल्याही घराच्या आत पाऊल नाही. तुकाराम तुझ्याबरोबर, सावलीसारखा. आणि परत आलीस की मी सांगेन त्या डॉक्टरकडे जायचं."

"हो."

"आणि झोप?"

"आवाज असला की येते, मॅडम. तुकाराम घोरतो."

त्यावर आम्ही सगळ्या जे हसलो, बाळ उठलं.

शुक्रवारी पहाटे ते गेले. हॉलमध्ये चौथी रात्र घड्याळाच्या टिकटिकीत, दारं उघडी टाकून काढली होती, आणि मंडळी जास्तच झोपली होती. म्हणजे मधले दिवस मी त्यांना उगाच धाकात ठेवलं. याचा विचार आला की अजून कान गरम होतात.

नऊ दिवसांनी मी परबांकडेच होते, रेश्माची पोर नडग्यांवर, तेव्हा रेश्मा फोन घेऊन धावत आली. "मावशी, विशाखाताई! व्हिडिओवर!"

तंबू होता. पिवळा उजेड. विशाखाच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं. "मावशी, काल झाली! मुलगी! कमलादीदी छान आहे. आज अंघोळ घालायचीय आणि इथे सगळ्या बायका म्हणतात आमच्यात अशी घालतात, तशी घालतात. मला तुझीच येते. सांग ना!"

मी अंगभर ओली, हातात पोर, आणि मी ओरडायला लागले. "पाणी कोपराने बघ! कोपर! बोट नको! आणि त्या बायकांना विचार आधी, त्यांच्यात काय लावतात, तेच लाव! पाय लांब कर, नडगीवर घे!" काकी माझ्यामागून, "मान धर गो तेची!" रेश्मा, "आई, तिला दिसत नाहीये, सरका!" तिकडे फोन कुणी धरला होता देव जाणे, कधी तंबूचं छप्पर दिसत होतं, कधी तुकारामची दाढी. मग ते एवढंसं, लाल, ओलं तोंड दिसलं. रडतंय. काय आवाज! माझ्या पायांवरची पोर दचकून गप्प झाली, ऐकत राहिली.

अंघोळ झाली. विशाखाने कापड पसरलं आणि फोनकडे बघितलं.

"मावशी, हात आत की बाहेर?"

तीस वर्षं याला माझ्याकडे एकच उत्तर होतं.

"तिलाच विचार," मी म्हटलं. "ती सांगेल."

विशाखाने हात बाहेर ठेवले. पोर झाडू लागली. आत घेतले. पोर शांत झाली. कमलादीदी पाठीमागे पडून बघत होती, हसत होती. तंबूतल्या बायका एकदम कुजबुजायला लागल्या, एकीने दुसरीला गप्प केलं, बाळ झोपतंय म्हणून. मला ते फोनवरून कळलं, आणि मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून कुणी तरी वर बघितलं असेल.

"विशाखा, त्यांना सांग, गप्प बसू नका म्हणावं! भांडी घासा, बोला, भांडा! त्या पोरीला ऐकू येऊ दे की माणसं आहेत."

तिने सांगितलं. तिकडे हशा झाला, मग भांडी वाजली, मग कुणी तरी गाणं म्हणायला लागलं. फोन अडकला. शेवटचं चित्र तेवढं राहिलं पडद्यावर, पुडी छातीशी आणि विशाखाचे मिटलेले डोळे.

काकी म्हणाल्या, "बंद पडलो काय?"

"नाही," मी म्हटलं. "झोपल्या दोघी." आणि आमच्या पोरीच्या अंगावर पुढचा तांब्या घातला.